मामूंची साठची वीज

रत्नागिरीत विजेची नुसती गुणगुण ऐकून ती कुठल्या देशाची आहे हे सांगणारा एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे माझी मैत्रीण सना हिचे मामू. तुम्ही म्हणाल, काहीतरीच! मीही म्हणाले होते. मग एकदा सनाच्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. तो दुबईला नोकरीला असतो, म्हणजे असतो असं सगळे समजत होते, आणि आपली नवीन खोली घरच्यांना दाखवत होता. हा पलंग, ही खिडकी, हा फ्रिज. फ्रिजपाशी आल्यावर मामूंनी सनाच्या हातातून फोन हिसकावला, कानाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "दुबई नाय ही. दम्माम." आणि निघालं तसंच! पोरगं घरी न सांगता कंपनी बदलून खरंच दम्मामला गेलं होतं आणि अम्मी रडेल म्हणून आठवडाभर कुणाला पत्ता लागू देत नव्हतं. बिचाऱ्याचा फ्रिजने घात केला. दुबईची वीज आपल्यासारखी पन्नासची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकावे खाणारी, आणि दम्मामची साठची, अमेरिकेसारखी. "पन्नासची वीज गुरगुरते, साठची गुणगुणते," मामू म्हणाले, "यात न कळण्यासारखं काय हाय?"

मामू पस्तीस वर्षं मालवाहू बोटींवर इलेक्ट्रिशियन होते. मूळचे पूर्णगडचे. लग्न केलं नाही, आणि बोटीवरची नोकरी सुटल्यापासून इथे राजिवड्याला बहिणीकडे, म्हणजे सनाच्या अम्मीकडे राहतात. (तिला मीही अम्मीच म्हणते.) निवृत्त झाले असं आपण म्हणायचं. ते स्वतः अजून ड्यूटीवरच आहेत. लुंगीवर आठ खिशांचं जाकीट, खिशात टेस्टर, कानावर पेन्सिल. रोज सकाळी सात वाजता घरातलं व्होल्टेज मोजतात आणि लांबड्या वहीत लिहून ठेवतात. त्या वहीला ते लॉग म्हणतात आणि तिच्यावर चहाचा कप ठेवलेला त्यांना चालत नाही. घरातल्या प्रत्येक बटणाखाली पट्टी चिकटवलेली: "पंखा, पडवी", "दिवा, मोरी", आणि एका बटणाखाली "काय ते माहीत नाही, दाबू नये". पाहुणा आला आणि मोबाइल चार्जिंगला लावू का म्हणाला, तर आधी "लोड किती?" असं विचारतात. आवाज तर असा, की साधं "पाणी दे" म्हणाले तरी भाट्याच्या खाडीतले होडीवाले वळून बघतात. घरातलेही त्यांच्याशी ओरडूनच बोलतात. इंजिनरूमची सवय हो, असं सगळे म्हणतात. दारावरची बेल त्यांना कधीच कळत नाही. तर बेल कमजोर आहे म्हणून त्यांनी एका वर्षात तीन बेली बदलल्या. हे सगळं मी डोळ्यांनी बघत होते आणि तरी माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. ते पुढे येईलच.

आता नाटकाचं सांगते. आमचा एक हौशी ग्रुप आहे आणि दर थंडीत आम्ही स्पर्धेला नाटक करतो. यंदा आमच्या दिग्दर्शकाने ठरवलं, संगीत नाटक करायचं, पण त्यात पेटी-तबला नको. गोष्ट अशी, की कोकणातला एक खलाशी बोट बंद पडल्यामुळे अमेरिकेतल्या एका बंदरात अडकतो आणि त्याची बायको इकडे त्याच्या चिठ्ठ्यांची वाट बघते. बायको म्हणजे सना. तिची गाणी मराठीच, पण त्यांच्या खाली वाजणारं संगीत मात्र त्या बंदरातलं, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं सोल. सोल म्हणजे काय गं, असं माझ्या आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं, भजन म्हणणारा माणूस ऐन भजनात प्रेमात पडला तर तो कसा गाईल, तसं. आई म्हणाली, मग घरी नको वाजवूस. तर या संगीतात गिटार फार बडबड करत नाही. ती शेजारी बसून हुंकार देते. फक्त सनाच्या शेवटच्या गाण्याआधी वीस सेकंद गिटार एकटीच वाजणार होती. अंधारात, बाकी सगळे गप्प. आणि गिटार वाजवणार होते मी!

माझ्याकडे एक डिजिटल पेटी आहे, विटेएवढी. गिटार तिला जोडायची, पायाने बटण दाबायचं, की जुन्या काळातल्या हव्या त्या अॅम्प्लिफायरचा आवाज हजर. निदान डबीवर तसं लिहिलंय. स्क्रीनवर त्या अॅम्पचं चित्रसुद्धा येतं, पुढचं कापड मळलेलं वगैरे. तालमी सनाच्या पडवीत चालायच्या. पहिल्याच दिवशी मी तो आवाज लावून मोठ्या ऐटीत वाजवलं, तर आतून मामू टेस्टर घेऊन बाहेर आले.

"हे कोण बोलतंय?"

"अॅम्प आहे मामू! पासष्ट सालचा!" मी ओरडून म्हटलं.

मामू पेटीपाशी उकिडवे बसले, चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "खोटं बोलतंय, बाय. पासष्ट सालचा म्हणतंय आणि अंगाला घाम नाय?"

तेव्हा आम्हाला कळलं की मामूंनी तो आवाज खरोखरचा ऐकलेला आहे. बावीस-तेवीस वर्षांचे असताना त्यांची बोट दुरुस्तीसाठी अमेरिकेतल्या एका बंदरात तीन आठवडे पडून होती. गोदीजवळ गाणंबजावणं चालणारा एक लहान हॉल होता, आणि तिथल्या गिटारवाल्याचा अॅम्प जळला. तो वीजवाला शोधत गोदीवर आला आणि त्याला मामू सापडले. मामूंनी अॅम्प दुरुस्त केला, आणि पुन्हा बिघडला तर कोण बघणार म्हणून तीन आठवडे रोज दुपारी त्यांच्या तालमीला अॅम्पच्या मागे स्टूल टाकून बसले. त्या माणसाचं नावही मामूंना आठवत नाही. अॅम्पमधल्या प्रत्येक व्हॉल्व्हचा, म्हणजे आतल्या काचेच्या नळीचा, नंबर मात्र पाठ. "तो वाजवायला लागला ना," मामू म्हणाले, "की मला पूर्णगडच्या धक्क्यावर बसल्यासारखं वाटायचं. आता तूच सांग, त्याचा नि पूर्णगडाचा काय संबंध?" मग एकदम आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या मानाने खाली आणून, म्हणाले, "चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. पुन्हा कुठे ऐकला नाय. तुमच्या नाटकात तो लागला पायजे."

झालं. त्या दिवसापासून ते वीस सेकंद मामूंचे झाले. त्यांनी लॉगमध्ये नवीन पान उघडलं, वर "गिटार" लिहिलं आणि माझ्या आयुष्याचं वाटोळं सुरू केलं. पहिली तक्रार तारांची. माझ्या तारा नव्या होत्या. "नवी तार म्हणजे नवी सून, फार वाजते," असं म्हणून (अम्मी आतून ओरडली, "आणि तुला कुठल्या सुनेचा अनुभव?") त्यांनी फर्मान काढलं, की तळलेली मांदेली खाल्ल्यावर मी हात न धुता अर्धा तास वाजवायचं. त्या हॉलातला माणूस दुपारचं तळलेलं कोंबडं खाऊन तसाच वाजवायला बसायचा म्हणे. मी चार दिवस मांदेली खाऊन वाजवलं. तारा खरंच मऊ बोलायला लागल्या! फक्त तालमीला सनाची मांजर माझ्या मांडीवरून उठेना, आणि आईने गिटार गॅलरीत ठेवायला लावली.

मग घुमार्‍याचं प्रकरण. जुन्या अॅम्पमध्ये खऱ्या स्प्रिंगा लटकवलेल्या असायच्या, त्यांच्यामुळे आवाज विहिरीत सोडल्यासारखा घुमतो. माझ्या पेटीत स्प्रिंगा नाहीत, नुसतं त्यांचं गणित आहे. मामूंनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि कुणाला काही कळायच्या आत पेटीला सणसणीत लाथ मारली. मी किंचाळले. "ओरडली नाय," मामू निराश होऊन म्हणाले. "खऱ्या अॅम्पला लाथ मारली की आतल्या स्प्रिंगा गडगडतात, आभाळ फाटल्यागत. ही गप्पच. जिवंत वस्तू लाथ मारली की ओरडते, बाय." मी म्हटलं, मी ओरडले ना मामू! त्यावर ते म्हणाले, "तू जिवंत हायस, त्यात शंका नाय." आणि लॉगमध्ये लिहिलं, "लाथ: प्रतिसाद नाही."

पण सगळ्यात मोठा तंटा झाला तो गुणगुणीवरून. डिजिटल पेटी वाजत नसते तेव्हा एकदम शांत असते. जुने अॅम्प कधीच गप्प नसायचे, त्यांच्या पोटात वीज सतत गुणगुणायची. मामूंना ती गुणगुण हवी होती, आणि ती अर्थातच साठची. मी लॅपटॉपवर ती बनवली. मामू भिंतीला टेकून बसले आणि मी तिला एकेक केसभर वाढवत नेलं. पाऊण तास! शेवटी त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "हां. आता खोलीत कोणीतरी हाय." मला काटा आला हो, कारण खरंच तसं वाटत होतं. दिग्दर्शक आला तेव्हा मी त्याला हे उड्या मारत ऐकवलं. तो म्हणाला, "अगं, सगळं जग आवाजातली घरघर काढायला मशीन घेतं, आणि तुम्ही घालताय?" मामू म्हणाले, "तुमच्या नाटकातला खलाशी कुठे अडकलाय?" "अमेरिकेत." "मग त्याच्या खोलीत रत्नागिरीची वीज कशी येईल?"  गुणगुण राहिली.

इथपर्यंत सगळं मजेत चाललेलं. मग आली शाळेच्या हॉलमधली रंगीत तालीम. पन्नासेक ओळखीची माणसं बोलावलेली. माझे वीस सेकंद आले, मी पहिली तार छेडली, आणि पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी शांतपणे कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. शेजारच्या आजींनी पदर कानावर घेतला. आवाज टोचत होता. अक्षरशः सुईसारखा! तालमीच्या आधी मामूंनी ट्रेबल, म्हणजे आवाजाची वरची धार, वाढवून आठावर नेलेली होती. सनाच्या पडवीतल्या लहानशा स्पीकरवर ती खपून जायची, हॉलमधल्या मोठ्या स्पीकरवर ती सगळ्यांच्या दातांत शिरली. मामू मात्र विंगेत उभे राहून डोळे मिटून डोलत होते. "थोडी अजून चमक पायजे वर," ते मला नंतर म्हणाले.

त्या क्षणी सगळं माझ्या टाळक्यात शिरलं. तीन बेली. घरातलं ओरडणं. पस्तीस वर्षं इंजिनरूम. मामूंना खालचा आवाज ऐकू येतो, कोणाहीपेक्षा चांगला, पण वरचा येतच नाही. तो आत कुठेतरी विझलाय. त्यांना आठवत असलेली चमक कानापर्यंत पोचत नव्हती, म्हणून ते ती वाढवत होते, वाढवत होते, आणि आमच्या कानांचे पडदे फाटत होते.

दिग्दर्शकाने मला बाजूला घेतलं. "हे बघ, एक तर हा आवाज सुधार, नाहीतर ते वीस सेकंद कीबोर्डवर घेऊ. आणि मामूंना तू सांग. मला जमणार नाही."

मला तरी कुठे जमणार होतं! ज्या माणसाची सगळी इज्जत कानावर, त्याला कान गेले म्हणून सांगायचं? मी पळवाट काढली. मामूंनी आवाज लावला की त्यांची पाठ वळताच मी ट्रेबल आठावरून चारावर आणायची. बस. दिग्दर्शक खूश, सना खूश, मामूंना फरक कळायचा प्रश्नच नाही. किती हुशार ना मी?

मी लॉग विसरले होते. मामू तालीम सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर पेटीवरचे सगळे आकडे लिहून ठेवायचे. बोटीवरची शिस्त. आधी आठ, नंतर चार. दुसऱ्या दिवशी आधी आठ, नंतर चार. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला गंभीरपणे बाजूला घेतलं. "बाय, तुझी पेटी सरकते. आपोआप." मी म्हटलं, असेल हो, हवामान. ही माझी दुसरी चूक. कारण हवामान म्हटल्यावर मामूंच्या अंगात पस्तीस वर्षं संचारली. त्यांनी ठरवलं की दोष राजिवड्याच्या व्होल्टेजमध्ये आहे. फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून माझ्या पेटीला लावला. फ्रिज रुसला, अम्मीने कुणाच्या तरी साखरपुड्यासाठी आणून ठेवलेली सुरमई मऊ पडली, आणि अम्मीने मामूंना जे काही सुनावलं ते मी इथे लिहू शकत नाही. एवढंच सांगते, त्यात "तुझी टिंगटिंग" हा शब्द सात वेळा होता. पेटी तरी सरकतच होती. मामूंनी वायर बदलली. मग हातखंब्याला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर उन्हात दोन तास बसून मागवलेला नवा सॉकेट बोर्ड घेऊन आले. बारा दिवस तो माणूस एका धडधाकट पेटीतला दोष शोधत होता, आणि दोष रोज त्यांच्यासमोर बसून अम्मीच्या हातचा नाश्ता करत होता.

प्रयोगाला चार दिवस राहिले. दुपारी मी गेले तर मामू पडवीत लॉग मिटून बसलेले. अम्मी पलीकडे कोलंबी सोलत होती. सना माझ्याकडे बघून मान हलवत होती, नको, आज नको, अशी.

"मी तुमच्या डायरेक्टरला फोन करतोय," मामू म्हणाले. "गिटार काढून टाक म्हणून सांगतो."

"का?"

"पेटीवर भरोसा नाय. ऐन वेळी सरकली तर पोरगी अंधारात एकटी उभी. बिघडलेल्या मशीनवर मी माणसाला उभं करत नाय. आजवर केलं नाय."

त्यांना ते वीस सेकंद किती हवे होते हे मला माहीत होतं. आणि ते स्वतःच्या हाताने ते कापायला निघाले होते, माझ्यामुळे. मी म्हटलं, "मामू, पेटी नीट आहे."

"आं?"

बघा, ही गोष्ट हळू आवाजात सांगायची सोयच नव्हती. मी ओरडले, "पेटी नीट आहे! ट्रेबल मी कमी करते! रोज!"

"का?"

"टोचतो!"

"मला नाय टोचत."

"तुम्हाला वरचं ऐकू येत नाही मामू!"

शेजारच्या पडवीत कुणीतरी तांदूळ पाखडत होतं, ते थांबलं. अम्मीचे हात कोलंबीवर तसेच राहिले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि मामू माझ्याकडे असे बघत होते, की मी अजून काहीतरी म्हणेन आणि ते निराळं निघेल.  मग त्यांनी लॉग उघडला, कानावरची पेन्सिल काढली, बारा दिवसांच्या नोंदींवर एक तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं. सनाने नंतर मला दाखवलं. "मशीन ओके. मीटर खराब." आणि उठून आत गेले. टेस्टर पडवीतच राहिला.

मला वाटलं, संपलं. रात्रभर मला झोप नाही. सकाळी सातला आमच्या दारात मामू! बेल दाबून दाबून बोटाने भोक पाडायचं बाकी ठेवलेलं. आई घाबरून बाहेर आली.

"तपासून दे," मामू मला म्हणाले. "मीटर खराब असला तर फेकत नायत. किती खराब ते बघतात, मग तेवढं धरून चालतात."

मी लॅपटॉपवर एकेक स्वर लावला, खालून वर. ऐकू येतंय तोवर मामूंनी बोट वर ठेवायचं. बोट वर, वर, वर, आणि मग अगदी हळू खाली आलं. लॅपटॉप वाजतच होता. मला ऐकू येत होतं, आईला येत होतं, खिडकीतल्या कावळ्यालाही येत असणार. मामू आमच्या तोंडांकडे बघत होते. "वाजतंय अजून?" "हो." "हां," ते म्हणाले. "म्हणजे माझी हद्द इथपर्यंत." मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "पुढची हद्द माझ्या बहिणीची. ती तीन घरं पलीकडे दुधावरचं झाकण सरकलं तरी ऐकते. चल."

अम्मीला गाणंबिणं बिलकूल आवडत नाही, हे तिने आम्हाला पुन्हा एकदा बजावलं. पण भावाकडे पाहिलं आणि हात पुसून पेटीसमोर बसली. दिग्दर्शकाने हॉलमधला मोठा स्पीकर धाडला होता. मी वाजवत राहिले. बाकी सगळं मामूंनी लावलं. खालचा भरीवपणा, स्वराची हलकी थरथर, घुमारा, साठची गुणगुण. ते त्यांच्या हद्दीत होतं, आणि तिथे त्यांचा हात धरणारा कोणी नाही. ट्रेबलचं बटण तेवढं अम्मीच्या बोटांत.

"कसं करू?"

"गॅस बारीक करतेस तसं," मामू म्हणाले.

अम्मीने बटण असं फिरवलं जसं काही खाली दूध आहे. "हे कानात जातंय... अजून जातंय... हे आता मेलं, पुळपुळीत झालं... थांब गो, वाजव, थांबू नकोस... हां. एवढं. आता कढीला तूप लागल्यासारखं झालं." साडेतीन. मामूंनी लॉगमध्ये लिहिलं, "ट्रेबल साडेतीन. जबाबदार अधिकारी: बहीण." आणि अम्मीला तिथे सही करायला लावली. तिने "वेडा झालाय हा" असं म्हणत केली.

प्रयोगाला नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं होतं. मामू इस्त्रीचं जाकीट घालून विंगेत. दिवे गेले, सना काळोखात उभी राहिली, आणि पेटीच्या पोटातली ती गुणगुण आधी आली, कुणाला कळणार नाही इतकी. मग मी वाजवलं.  आणि तो आवाज! कसं सांगू तुम्हाला? तो कुठून येतोय असं वाटतच नव्हतं, आधीपासून तिथे होता आणि आपण आत्ता आत आलो, असं. कुणी खोकलंसुद्धा नाही. सना गायला लागली तेव्हा मला कळलं की माझे वीस सेकंद संपलेत. विंगेकडे बघायची माझी छाती झाली नाही.

पडदा पडल्यावर सगळे सनाभोवती गोळा झाले. मामू रिकाम्या प्रेक्षागृहात चौथ्या रांगेत जाऊन बसले होते. मी जाऊन शेजारी बसले.  विचारलं, "मामू, तसाच होता का? तिकडच्यासारखा?"

"कोणास ठाऊक, बाय. अर्धाच पोचला माझ्यापर्यंत."

मला वाटलं आता मी रडणार.

"खालचा अर्धा आला. तो तोच होता," मामू म्हणाले. मग समोरच्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "वरचा मी तिथनं घेतला. माझी बहीण बसली होती तिथे. दारावरच्या दिव्याच्या उजेडात, विंगेतनं सगळा वेळ तिच्या कपाळाकडे बघत होतो. तू वाजवायला लागलीस तेव्हा आठी होती, नेहमीची. मग गेली."

"गेली?"

"साफ," मामू म्हणाले, आणि माझ्या लक्षात आलं की आज पहिल्यांदाच ते हळू बोलतायत. "लहानपणी धक्क्यावर बसायचो ना आम्ही दोघं, तेव्हा असायची तशी झाली."